न कापलेला घट

१

वनस्पती संग्रहालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, डांबरगोळ्यांच्या वासात ताईचं अर्धं आयुष्य गेलं होतं. आलेलं झाड ओळखून द्यायचं, हे तिचं काम. कुठून कुठून लोक वाळलेल्या फांद्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचे आणि ताई सांगायची, की हे अमुक झाड. बहुतेक वेळा ते आधीच कोणाला तरी सापडलेलं असायचं. मग आणणाऱ्याचा चेहरा पडायचा, आणि खरं सांगायचं तर ताईला तो चेहरा बघायला आवडायचं.

तिच्या टेबलावर भिंग, चिमटा, ब्लेड आणि एक छोटं पातेलं असे. वाळलेलं फूल पाण्यात उकळलं की मऊ होतं आणि पाकळ्या उलगडून बघता येतात, त्यासाठी ते पातेलं. एकदा नव्याने लागलेल्या कारकुनाने त्यात चहा केला. ताईने तो करू दिला, पिऊ दिला, आणि कप खाली ठेवल्यावर त्याला सकाळी त्यात काय उकळलं होतं ते सांगितलं.

तिला जवळचं असं माणूस एकच, धाकटी बहीण. आई गेली तेव्हा धाकटी शाळेत होती. तिची वेणी घालण्यापासून तिला झाडं गोळा करायला शिकवण्यापर्यंत सगळं ताईनेच केलं. पुढे धाकटी डोंगर चढायला लागली आणि ताई खुर्चीत बसून राहिली. सगळे नमुने कपाटात आणि एक नमुना खुर्चीत, असं धाकटी संग्रहालयात सगळ्यांसमोर म्हणायची. ताई वरवर चिडायची.

या खेपेला धाकटी परतली ती घरी न जाता थेट संग्रहालयात आली. बुटांना चिखल, ओठ फुटलेले. जिथे ढग खाली उतरून झाडीतच मुक्काम ठोकतात अशा उंच डोंगरावरून ती आली होती. दोन फळ्यांमध्ये आवळून बांधलेला गठ्ठा तिने टेबलावर ठेवला आणि वर्तमानपत्राची घडी उलगडली. आत वेलीचा एक तुकडा होता. लांबट पान, पानाची मधली शीर टोकाबाहेर दोरीसारखी वाढलेली, आणि त्या दोरीच्या शेवटी एक घट. म्हणजे घटपर्णी. किड्यामुंग्यांना गोड रसाची लालूच दाखवायची, कडेवरून पाय घसरवायचा, आतल्या पाण्यात बुडवायचं आणि सावकाश पचवायचं, हा या झाडाचा धंदा. हा घट मात्र अजून उघडलाच नव्हता. त्याचं झाकण घट्ट मिटलेलं होतं.

ताईने विचारलं, की घट कापला का नाही. असा घट वाळवायचा तर आधी उभा चिरायचा, आतलं पाणी ओतून टाकायचं आणि मगच फळ्यांत दाबायचा, नाहीतर सडतो. हे धाकटीला ताईनेच शिकवलं होतं आणि तिने आजवर त्यात कसूर केली नव्हती. धाकटी म्हणाली, ब्लेड हातात घेतलं होतं पण हात होईना. आणि तिने पाणी मागितलं.

पाणी पिता पिता तिने बाकीचं सांगितलं. धुक्यात वाट चुकली, जवळचं पाणी संपलं, घशाला कोरड पडली, आणि समोर ही वेल, तिला शेजारी शेजारी दोन मिटलेले घट. न उघडलेल्या घटातलं पाणी स्वच्छ असतं, डोंगरात फिरणारे ते पितात, हे तिला ठाऊक होतं. एकाचं झाकण तिने नखाने उचकटलं आणि आतलं पाणी पिऊन टाकलं. दुसरा घेऊन आली. आसपास हिंडून पाहिलं, पण तशी दुसरी वेल कुठे दिसली नाही.

ताईने घट तळहातावर घेतला. तो कांद्याच्या सालासारखा कोरडा होता, पण चपटा नव्हता. इतके दिवस फळ्यांखाली राहूनही त्याचं पोट गोल होतं, आणि वरच्या वर्तमानपत्राला त्याच्या आकाराचा खळगा पडला होता.

२

झाड ओळखायची एक रीत असते. तिला किल्ली म्हणतात. किल्ली म्हणजे प्रश्नांच्या जोड्या. पानाला देठ आहे, किंवा नाही. असेल तर या जोडीकडे जा, नसेल तर त्या जोडीकडे. मधलं उत्तर नाही, कदाचित नाही, तुमचं काय मत आहे हेही नाही. एकेक जोडी ओलांडत गेलं की शेवटी एक नाव उरतं. ताईला ही रीत मनापासून आवडायची. माणसांनाही अशी एखादी किल्ली असती तर किती बरं झालं असतं, असं तिला वाटायचं.

दुसऱ्या दिवशी ती घटपर्णीला किल्ली लावायला बसली. दोरीला केस आहेत. घटाच्या पोटावर दोन पंख आहेत, पंखांना दाते नाहीत. झाकणाच्या मागे काटा आहे, आणि काट्याला दोन फाटे. इथे किल्लीने हात टेकले. दोन फाट्यांचा काटा आणि बिनदात्यांचे पंख असं एकत्र कुठल्याच जोडीत नव्हतं. ताई पुन्हा पहिल्यापासून गेली. संग्रहालयातल्या सगळ्या घटपर्ण्या काढून शेजारी मांडल्या. दुपारपर्यंत तिला कळून चुकलं, की हे झाड आजवर कोणीही ओळखलेलं नाही.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. नव्या झाडाला नाव देणारा त्याला कोणाचंही नाव देऊ शकतो, स्वतःचं मात्र देत नाही. तसा कायदा नाही, पण जो देईल त्याला या धंद्यातली माणसं जन्मभर हसतील. ताईने किती जणांची नावं झाडांना दिली होती. संग्रहालयाच्या साहेबांचं, साहेबांच्या बायकोचं, एकदा तर साहेबांच्या कुत्र्याचं. तिचं नाव कोणी कशाला दिलं नव्हतं. धाकटी लहानपणापासून म्हणायची, की मी एक शोधून काढीन आणि त्याला तुझं नाव देईन. ताईने ते कधी हसण्यावारी नेलं नव्हतं.

आणि नाव द्यायचं तर ते एका मूळ नमुन्यावर टांगावं लागतं. तो नमुना कायमचा जपायचा. इथे नमुना एकच होता आणि त्याला घटही एकच.

वर्णन पुरं व्हायला आता फक्त दोन जोड्यांची उत्तरं उरली होती, ती घटाच्या तोंडाच्या कडेबद्दल. पण झाकण मिटलेलं, त्यामुळे कड दिसत नव्हती. ताईने संध्याकाळी घट कपाटात ठेवला तेव्हा तो आतून हलकासा डचमळल्यासारखा वाटला. वाळलेलं झाड हवेतली ओल शोषून घेतं, हे तिने स्वतः कितीतरी जणांना शिकवलं होतं. तिने कपाटात चार डांबरगोळ्या जास्त टाकल्या.

घरी धाकटी स्वयंपाकघरात नळाखाली तांब्या धरून उभी होती. दिवसभर हेच चाललंय, ती म्हणाली, पोटात जातंय की नाही तेच कळत नाही. ताई म्हणाली, डोंगराचा शीण आहे, झोप. नव्या झाडाची बातमी ऐकल्यावर धाकटीने तिला मिठी मारली. तिच्या हातांची कातडी ताईच्या मानेला खरखरीत लागली.

३

आठवडा उलटायच्या आत धाकटीला दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण फाजील गोड बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी ताईला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि सरळ विचारलं, की तिने ज्या झाडाचं पाणी प्यायलं ते कुठलं. ओळखीचं असेल तर प्रश्न नाही. नसेल तर त्यात काय आहे ते शोधावं लागेल, नाहीतर औषध कशावर द्यायचं.

ताई म्हणाली, ओळखणं चालू आहे.

मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, की तसाच दुसरा घट आहे ना. तो आणून द्या, प्रयोगशाळेत पाठवते. किती लागेल, असं ताईने विचारलं. त्या म्हणाल्या, सगळाच लागेल. वाटून त्याचा अर्क काढतात.

ताई "आणते" म्हणाली. ती संग्रहालयात आली, कपाट उघडलं, घट बाहेर काढला. आता तो कोरडा राहिला नव्हता. साल मऊ झाली होती, पोट आणखी फुगलं होतं, आणि देठापाशी अगदी फिकट हिरवी झाक आली होती. ताईने खिडकी बंद केली. हवेत ओल फार आहे, ती स्वतःशीच पण मोठ्याने म्हणाली.

बहिणीचा जीव तिला प्यारा नव्हता असं मुळीच नाही. ती टेबलाशी बसून रडली. रडता रडता तिला वाटलं, की वाटून काढलेल्या अर्काला कसलं आलंय नाव. घट गेला तर झाड गेलं. झाड गेलं तर धाकटीने एवढा जीव धोक्यात घालून काय मिळवलं? धाकटीला हे कधीच आवडणार नाही. असं सगळं ती धाकटीच्याच वतीने ठरवत गेली, आणि ठरवून झाल्यावर तिने डोळे पुसले.

संग्रहालयाच्या मागे काचघर आहे. तिथे शाळेची मुलं बघायला येतात ती साधी घटपर्णी लावलेली आहे. ताईने तिचा एक मिटलेला घट कात्रीने कापला, पातेल्यात उकळला आणि डबीत घालून दवाखान्यात नेला.

डॉक्टरीणबाईंनी डबी उघडून बघितलं. "हा तर ताजा दिसतोय."

"वाळलेला होता. मी उकळून मऊ केलाय," ताई म्हणाली. "आमच्यात तशीच रीत आहे."

रीत म्हटल्यावर समोरच्याचं तोंड बंद होतं, हा तिचा नेहमीचा अनुभव होता. डॉक्टरीणबाईंनी डबीवर धाकटीचं नाव लिहिलं.

४

अहवाल आला. घटात विषारी काही नाही. डॉक्टरीणबाईंनी झाडाचा नाद सोडला आणि त्या दुसऱ्या आजारांच्या मागे लागल्या.

धाकटीला सलाईन चालू होतं. एक बाटली संपली की दुसरी. तिची काळजी घेणारी नर्स वयाने मोठी होती, तिने असे पुष्कळ रोगी पाहिले होते. तिने ताईला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, हे पाणी जातंय कुठे? लघवी नाही, घाम नाही, अंगावर सूज नाही. बाटलीतून उतरतं आणि गायब होतं."

ताई पलंगाशी आली. धाकटीचा हात चादरीवर पडला होता. बोटं एकमेकांना चिकटून चपटी झाल्यासारखी दिसत होती आणि मनगटावरच्या शिरा पानाच्या शिरांसारख्या वर आल्या होत्या. ताईच्या मनात पहिला विचार आला तो असा, की कोणीतरी हिला फळ्यांत आवळून ठेवलंय. दुसरा विचार तिने येऊ दिला नाही.

पण ती दवाखान्यातून निघाली ती घरी गेली नाही. संग्रहालयात येऊन तिने घट वजनकाट्यावर ठेवला. वाळलेल्या घटाला जेमतेम एखाद्या पिसाचं वजन असतं. हा भरलेल्या पेल्यासारखा भरला. खालच्या कागदावर ओलसर डाग पडला होता आणि त्यातून एक थेंब टेबलावर उतरला होता. थेंब स्वच्छ होता. ताईने तो बोटाने टिपला, वास घेतला. दवाखान्यात सलाईन लावताना जो वास येतो तसला काहीतरी वास होता, किंवा तो तिच्या कपड्यांनाच लागलेला असेल. तिने जाऊन हात साबणाने धुतले.

परत आली तेव्हा खोलीत आवाज येत होता. ओल्या काचेवरून बोट ओढल्यावर येतो तसा. थोडा वेळ वर वर जायचा, मग एकदम खाली, की शांत. पुन्हा सुरू. ताईने खिडकी बघितली, पंखा बघितला, उंदीर असेल म्हणून कपाटामागे काठी घातली. साठीच्या जवळ आलेल्या माणसाच्या कानात आवाज येतात, असंही तिने स्वतःला समजावलं. सगळी कारणं पटण्यासारखी होती. घटाला कान मात्र तिने लावला नाही.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटीने डोळे उघडले. आवाज इतका बारीक होता, की ताईला तिच्या तोंडाशी वाकावं लागलं.

"ताई, तू तो कापलास का?"

"कशाला कापू? जपून ठेवलाय. तुझंच आहे ना ते."

"काप."

"बरं नाहीये तुला. बोलू नकोस."

धाकटीने थोडा दम घेतला. "आत सगळं गुळगुळीत आहे गं. अर्ध्यापर्यंत येते मी. मग हात सुटतात." तिने बोटं दाखवली. नखांच्या कडांना मेणासारखं पांढरं काहीतरी भरलं होतं. "खाली पाय दुखतात. पाय आहेत की नाहीत तेही आता कळत नाही."

ताईला ठाऊक होतं, की घटाच्या आतल्या भिंतीवर मेणाचा थर असतो. आत पडलेल्या किड्याच्या पायांना तो चिकटतो आणि किडा पुन्हा खाली घसरतो. तळाशी पचवणारा रस असतो. हे धाकटीलाही ठाऊक होतं, तेव्हा तापात तेच बरळणार, दुसरं काय बरळणार. ताईने चादर वर करून पाय बघितले नाहीत. नर्सने सकाळीच ते गुंडाळून ठेवले होते.

"तू मला शिकवलंस ना," धाकटी म्हणाली, "आधी उभा चिरायचा. आतलं सगळं बाहेर काढायचं. तेवढं कर ना ताई. नमुना खराब नाही होत त्याने."

हे अगदी खरं होतं. चिरलेला घट मूळ नमुना म्हणून चालतो. कपाटात होते ते सगळे चिरलेलेच होते. ताईला काही गमवावंच लागणार नव्हतं. तिच्या अंगावरून ओझं उतरलं आणि तिला बहिणीची इतकी माया आली, की ती तिच्या कपाळाला ओठ लावून म्हणाली, आत्ता जाते आणि कापते. आणि त्या वेळी ती खोटं बोलत नव्हती.

६

ऊन अजून खिडकीत होतं. ताईने टेबलावरचा दिवाही लावला, घट भिंगाखाली घेतला, ब्लेडवरचा कागद काढला.

घट आता वाळलेला नव्हताच. वेलीवर असावा तसा टवटवीत, ताठ, हिरवा, अंगावर जांभळे ठिपके. बाकीची वेल मात्र पाचोळ्यासारखी शुष्क होती. ताईने ब्लेड पोटाच्या मध्यावर टेकवलं आणि तेवढ्यात तिला झाकण दिसलं. झाकणाची एक कड शिवणीतून सुटली होती. केसभर फट पडली होती.

म्हणजे तो उघडत होता.

ब्लेड जागच्या जागी थांबलं. घटाची कड झाकणाखाली मिटलेली असते तोवर कोवळी आणि गुंडाळलेली असते. झाकण उघडलं की मगच ती बाहेर वळते, तिच्यावर रेघा उमटतात, रंग चढतो. आत्ता चिरला तर कड तशीच अर्धवट राहणार आणि उरलेल्या दोन जोड्यांची उत्तरं कधीच मिळणार नाहीत. नव्या झाडाचं वर्णन होणार, पण तोंडाशिवाय. कोणीही उठून म्हणेल, की हे जुन्याच कुठल्यातरी झाडाचं पोर आहे. आणि थांबलं तर किती थांबायचं? फट डोळ्यांदेखत रुंदावत होती. फार तर तासभर.

ताईने ब्लेड ठेवलं नाही, हातातच धरलं. तासाने काय होतंय, ती म्हणाली. एवढे दिवस गेले.

दिवा घटाच्या मागे होता, त्यामुळे साल उजेडात आरपार दिसत होती. आत पाणी अर्ध्याच्या वर भरलं होतं. पाण्याच्या वर, भिंतीला आतून चिकटून, काहीतरी गडद होतं. ते थोडं वर सरकलं, थांबलं, आणखी थोडं सरकलं. मग तो आवाज आला आणि ते एकदम खाली पाण्यात गेलं. ताईने भिंग फिरवलं. किडा असणार. अंडं घातलेलं असतं, आतल्या आत वाढतो. असे किडे असतात. कितीतरी असतात.

फोन वाजला. नर्स होती. "बाई, तुम्ही लवकर या. आणि त्या सारखं एकच विचारताहेत, कापलं का म्हणून. काय सांगू त्यांना?"

ताई घटाकडे बघत होती. झाकण आता बोटाच्या पेराएवढं उचललं गेलं होतं आणि खालून कड डोकावत होती, गुलाबी, ओलसर, बाहेर वळू लागलेली.

"हो म्हणावं," ताई म्हणाली. "कापलं म्हणून सांगा."

नर्सने फोन तसाच ठेवून तिकडे सांगितलं. तिचे शब्द ताईला ऐकू आले. मग नर्स परत आली तेव्हा तिचा आवाज हलका झाला होता. "हसल्या बघा. किती दिवसांनी हसल्या. म्हणाल्या, मग येते मी वर."

घटात तो आवाज पुन्हा सुरू झाला. या वेळी तो मध्ये थांबला नाही. भिंतीवरचं गडद काहीतरी अर्ध्याच्या पुढे गेलं, मानेशी आलं, आणि झाकणाखालच्या फटीतून कडेवर पाच बारीक टोकं उमटली. पांढरट, मेणाने माखलेली. त्यांनी कड पकडली. ताईच्या डाव्या हाताशी चिमटा होता. तो फटीत घालून धरता आलं असतं, पण कड अजून कोवळी होती, चिमट्याने तिला ओरखडा पडला असता. तिने श्वास रोखला. टोकं कडेवर ताणली गेली, एकेक करून मागे सरकली, शेवटचं एक जरा जास्त वेळ टिकलं आणि तेही गेलं. खाली पाण्यात पडल्याचा आवाज झाला. मग दुसरा आवाज झाला नाही.

"बाई?" फोनमधून नर्स म्हणाली. मग पावलं धावल्याचा, कोणीतरी डॉक्टरीणबाईंना हाक मारल्याचा आवाज. "बाई, ऐकताय ना?"

कड आता पुरती बाहेर वळली होती. तिच्यावर उभ्या रेघा होत्या, बारीक, जवळजवळ, आणि आतल्या बाजूला एकही दाता नव्हता. ताईने फोन उलटा करून ठेवला आणि दिवा थोडा पुढे ओढला.